हेझेलचे ऋण आणि मानाच्या खुर्च्या

१/२५
१३ फेब्रुवारी २०२५. आइसलँडच्या व्हिकिंगुर रेक्याविक या क्लबने कॉन्फरन्स लीगमध्ये ग्रीसच्या पानाथिनाइकोसला २-१ असे हरवले. नोंदीत हा सामना व्हिकिंगुरच्या घरच्या मैदानावरचा आहे. प्रत्यक्षात तो फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे झाला, रेक्याविकपासून सुमारे २,४०० किलोमीटर दूर. घर आइसलँडमध्ये, घरचे मैदान फिनलंडमध्ये! ही थट्टा नव्हे, हा नियम आहे. तो कोणाच्या मृत्यूतून जन्मला, कोणी वाढवला आणि आज कोणाच्या कामी येतो, हा या धाग्याचा विषय.

२/२५
युरोपीय स्पर्धांच्या परवान्याविषयी आणि मैदानांच्या अटींविषयी प्रश्न विचारला की एक ठरावीक उत्तर मिळते: हे नियम मृतांच्या स्मरणातून आले आहेत, त्यांना हात लावणे म्हणजे जुन्या दुर्घटनांना आमंत्रण देणे. या उत्तराचा पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध लबाडीचा आहे. ज्या वहीत मृतांच्या नावाने नियम लिहिले गेले, त्याच वहीत पुढे कॅमेऱ्यांसाठी, पुरस्कर्त्यांसाठी आणि मानकऱ्यांसाठी लिहिलेली कलमे शिरली. आता सारी वही एकाच पावित्र्याने मिरवली जाते. ही सरमिसळ उलगडायची तर आधी मृतांकडेच जावे लागते.

३/२५
२९ मे १९८५, ब्रसेल्स. युरोपियन कपचा अंतिम सामना, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. मैदान हेझेल: १९३० साली उघडलेले, ५५ वर्षांच्या वापराने जीर्ण झालेले. तटस्थ प्रेक्षकांसाठी राखलेल्या ‘झेड’ विभागात मुख्यतः इटालियन लोक होते, त्यांत बेल्जियममध्येच स्थायिक झालेले अनेक जण. त्यांच्या आणि लिव्हरपूलच्या पाठीराख्यांच्या मध्ये होती एक तकलादू जाळी. सामन्यापूर्वी त्या पाठीराख्यांनी चढाई केली. जाळी पडली, लोक मागे रेटले गेले, टोकाची भिंत कोसळली. ३९ माणसे मेली. त्यांपैकी ३२ इटालियन होती. सामना तरीही खेळवला गेला.

४/२५
दोष चढाई करणाऱ्यांचा होता, यात वाद नाही. बेल्जियमच्या न्यायालयाने १९८९ साली लिव्हरपूलच्या १४ पाठीराख्यांना शिक्षा सुनावली. इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांतून पाच वर्षे बाहेर ठेवले गेले. लिव्हरपूलला त्याहून एक वर्ष अधिक. पण त्याच खटल्यात बेल्जियन फुटबॉल संघटनेचा एक वरिष्ठ पदाधिकारी आणि एक पोलीस अधिकारीही दोषी ठरले. आणि अंतिम सामन्यासाठी ते मैदान निवडले होते ते युरोपीय फुटबॉलची सर्वोच्च संस्था असलेल्या युएफाने. हेझेलचा पहिला धडा असा की गर्दीचा गुन्हा आणि आयोजकाचा निष्काळजीपणा एकाच वेळी खरा असू शकतो.

५/२५
हेझेलच्या १८ दिवस आधी, ११ मे १९८५ रोजी, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड सिटी क्लबच्या व्हॅली परेड मैदानावर आग लागली होती. त्या दिवशी क्लबने तिसऱ्या विभागाचे विजेतेपद साजरे केले होते. लाकडी प्रेक्षागाराच्या फळ्यांखाली वर्षानुवर्षांचा कचरा साचला होता. त्यात ठिणगी पडली आणि काही मिनिटांत सारे प्रेक्षागार पेटले. मागची फाटके बंद होती. ५६ जण मेले. जे वाचले त्यांतील अनेक जण मैदानाच्या बाजूला उंच कुंपण नव्हते म्हणून वाचले.

६/२५
ब्रॅडफर्डची खरी शोकांतिका कायद्याच्या पुस्तकात आहे. १९७१ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर एका जिन्यात ६६ माणसे चेंगरून मेली. त्यानंतर १९७५ साली ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. पण त्यातील प्रमाणपत्राची सक्ती वरच्या विभागांतील क्लबांपुरतीच लागू केली गेली. तिसऱ्या विभागात खेळणारे ब्रॅडफर्ड त्या जाळ्याबाहेर राहिले. क्लब वर चढला, आता कायदा लागू होणार, प्रेक्षागाराची दुरुस्ती होणार, अशी वेळ आली आणि त्याच दिवशी ते जळाले. लहान क्लबांना जिवाच्या प्रश्नात सवलत देण्याची किंमत ५६ प्रेते होती.

७/२५
म्हणून एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट असावी. लहान क्लब गरीब आहेत, त्यांच्या बंद फाटकांकडे आणि कुजलेल्या फळ्यांकडे डोळेझाक करा, असे म्हणणारा मनुष्य लहान क्लबांचा मित्र नव्हे. त्या फळ्यांवर बसणारी माणसे त्याच क्लबाची माणसे असतात. वाद सुरक्षेच्या कडकपणाशी नाही. ‘सुरक्षा’ या शब्दाच्या सावलीत जे दुसरे काही वाढले आहे, त्याच्याशी आहे.

८/२५
१५ एप्रिल १९८९, शेफील्डचे हिल्सबरो मैदान. एफए कपचा उपांत्य सामना. बाहेर गर्दी दाटली म्हणून पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले; पण आधीच भरलेल्या मधल्या कोंडवाड्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. पुढे लोखंडी कुंपण, मागून लोंढा. या दुर्घटनेच्या बळींची संख्या ९७ आहे. हिल्सबरोकडे सुरक्षा-प्रमाणपत्र होते! ते १९७९ सालचे होते आणि नंतरच्या बदलांनुसार सुधारलेलेच नव्हते. भिंतीवर कागद होता. कागदामागे माणूस नव्हता. २०१६ साली न्यायचौकशीतील पंचांनी हे मृत्यू बेकायदेशीर मनुष्यवध ठरवले.

९/२५
न्यायमूर्ती टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी १९९० मध्ये आला. कुंपणे गेली, मोठ्या मैदानांवर प्रत्येकाला आसन देण्याची शिफारस झाली, नियंत्रण कक्ष आणि प्रशिक्षित स्वयंसेवक आले. तिकडे हेझेलनंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट १९८५ मध्ये, युरोप परिषदेने प्रेक्षकांच्या हिंसेविषयी आंतरराष्ट्रीय करार केला होता. या सर्वांचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. आज एखादे मूल बापाचे बोट धरून सुखरूप घरी परतते, त्यामागे या सुधारणा आहेत. येथवर नियमांची वही खरोखर मृतांची आहे.

१०/२५
पण याच इतिहासातले एक पान क्वचितच उलटले जाते. २० ऑक्टोबर १९८२, मॉस्को. युएफा कपचा सामना, स्पार्टाक विरुद्ध हॉलंडचे हार्लेम. मैदान लुझनिकी, तेव्हाचे लेनिन स्टेडियम: दोनच वर्षांपूर्वीच्या ऑलिंपिकचे मुख्य केंद्र, सुमारे एक लाख प्रेक्षकांचे भव्य बांधकाम. त्या रात्री प्रेक्षक होते जेमतेम १६ हजारांच्या आसपास. बाहेर पडताना बहुतेकांना एकाच जिन्याकडे वळवले गेले. अधिकृत आकड्यानुसार ६६ जण मेले, बहुतांश कोवळ्या वयाचे. या मृत्यूंची खरी व्याप्ती १९८९पर्यंत जनतेपासून दडवली गेली.

११/२५
लुझनिकीत काय कमी होते? भव्यता? दिवे? मान्यवरांची व्यवस्था? जे भव्य मैदान होते त्याचा सहावा हिस्साही भरलेला नसताना लोक चिरडले गेले, कारण वाटा बंद होत्या. आता सर्व घटना एका ओळीत मांडाव्यात. आयब्रॉक्सला जिना. ब्रॅडफर्डला कचरा आणि बंद फाटक. हेझेलला तिकिटांचे वाटप, तकलादू जाळी आणि कुजकी भिंत. हिल्सबरोला चुकीचा निर्णय आणि कुंपण. लुझनिकीला एकमेव वाट. माणसे मेली ती वाटा, भिंती, जबाबदारी आणि निर्णय यांच्या अपयशाने. मैदान लहान होते म्हणून कोणी मेले नाही.

१२/२५
मग आजची चौकट कशी उभी राहिली? क्लबला स्पर्धेपूर्वी परवाना देण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीत १९६३ साली बुंडेसलिगाच्या स्थापनेपासूनच ती आहे. युएफाने सर्व खंडासाठी परवाना-पद्धत लागू केली ती २००४-०५च्या हंगामापासून. क्रीडा, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ व प्रशासन, कायदा आणि अर्थ असे तिचे मूळ पाच निकष. परवाना देते त्या त्या देशाची संघटना, चौकट युएफाची. यात चांगले पुष्कळ आहे: खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी थकवणाऱ्याला दार बंद करण्याचा नियम तर शंभर टक्के न्याय्य आहे.

१३/२५
परवान्याच्या सोबतीला मैदानांची वर्गवारी आहे. युएफा मैदानांना एक ते चार अशा श्रेणी देते. किमान आसने अनुक्रमे २००, १,५००, ४,५०० आणि ८,०००. स्पर्धेची फेरी जसजशी वर जाते तसतशी श्रेणीची अट वाढते. श्रेणी मात्र केवळ आसनांवर ठरत नाही. आपत्कालीन वाटा, वैद्यकीय कक्ष आणि नियंत्रण कक्ष यांच्याच सोबत तेथे प्रकाशझोतांची तीव्रता येते, मान्यवरांच्या खुर्च्या येतात, त्यांच्या आदरातिथ्याची जागा येते, त्यांची वाहने उभी करण्याची सोय येते, प्रक्षेपणाच्या गाड्या, कॅमेऱ्यांचे मंच आणि स्टुडिओ येतात.

१४/२५
खरी मेख येथे आहे. आपत्कालीन फाटक आणि मान्यवरांचे वाहनतळ एकाच यादीत, एकाच श्रेणीच्या शिक्क्याखाली आले की दोन्हींना एकच नैतिक वजन प्राप्त होते. क्लबला श्रेणी नाकारली जाते तेव्हा बाहेरच्या माणसाला एवढेच कळते की मैदान ‘मानकांत बसत नाही’. त्याच्या डोळ्यांपुढे हेझेलची भिंत उभी राहते. कमतरता जिन्याची होती की कॅमेऱ्याच्या मंचाची, हे विचारण्याचे त्याला सुचत नाही. मृतांची पुण्याई अशा रीतीने मानाच्या खुर्च्यांच्या खात्यावर जमा होते.

१५/२५
व्हिकिंगुरचेच पाहावे. २०२४च्या शरद ऋतूत हा क्लब आपल्या शहराशेजारच्या कोपाव्होगुर येथे, दुसऱ्या क्लबच्या मैदानावर, विशेष सवलतीने खेळला. प्रकाशझोत युएफाच्या मानकाचे नव्हते, म्हणून सामने दुपारी अडीच वाजता, सूर्याच्या उजेडात झाले. तेथे बेल्जियमच्या सेर्क्ल ब्रुझला ३-१ आणि बोराच बान्या लुकाला २-० असे हरवले गेले. प्रेक्षक आले, सामना झाला, माणसे घरी गेली. बाद फेरी आली आणि राष्ट्रीय मैदानाची डागडुजी चालू असताना ती सवलतही संपली. क्लबला समुद्रापार हेलसिंकी गाठावी लागली. परतीच्या सामन्यात अथेन्सला ०-२ अशी हार झाली आणि एका गोलाच्या फरकाने प्रवास संपला.

१६/२५
घरच्या माणसांपुढे व्हिकिंगुर जिंकलेच असते, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण चार लाखांहून कमी लोकसंख्येच्या देशातील क्लबच्या इतिहासातला सर्वांत मोठा घरचा सामना त्याच्या शेजाऱ्यांना पडद्यावर पाहावा लागला, हे सत्य आहे. प्रश्न दिव्यांचा होता. सामना रात्री का हवा? प्रक्षेपणाच्या वेळापत्रकासाठी. दिवे इतके प्रखर का हवेत? खेळाडूला चेंडू दिसण्यापलीकडे कॅमेऱ्याला चित्र स्वच्छ मिळावे म्हणून. यातला कोणता भाग हेझेलच्या मृतांनी मागितला होता?

१७/२५
फेरो बेटांवरील क्लाक्सविक हे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव. त्याच्या केआय या क्लबने २०२३ साली हंगेरीच्या फेरेन्त्स्वारोशला बुडापेस्टमध्ये ३-० असे हरवून युरोपला थक्क केले. पुढे तो गटसाखळी गाठणारा फेरो बेटांचा पहिला क्लब ठरला. गटसाखळीतील घरचे सामने मात्र झाले राजधानी तोर्शाव्हनच्या राष्ट्रीय मैदानावर. येथे निदान बेटसमूह तोच राहिला. पण ज्या गावाने हा पराक्रम घडवला, त्याच्या वाट्याला आपल्या अंगणातली रात्र आली नाही.

१८/२५
सर्वांत बोलके उदाहरण पुन्हा ब्रसेल्सचे आहे. युनियन सँ-जिल्वाझ हा तेथील जुना क्लब. डुडेन उद्यानाच्या कुशीतले त्याचे जोझेफ मारियाँ मैदान १९१९पासूनचे आहे. या क्लबने २०२५ साली तब्बल ९० वर्षांनी बेल्जियमचे विजेतेपद मिळवले. पण युरोपीय सामने आपल्या मैदानावर घेण्याची त्याला मुभा नाही. २०२२-२३मध्ये तो लुव्हेन शहरात खेळला, नंतर अँडरलेख्तच्या मैदानावर. अँडरलेख्त म्हणजे त्याचा शहरातला प्रतिस्पर्धी! विजेत्याने भाडेकरू व्हायचे आणि प्रतिस्पर्ध्याने घरमालक, अशी ही व्यवस्था.

१९/२५
येथे नियमांच्या समर्थकांना एक साधा पेच घालता येतो. मारियाँ मैदान प्रेक्षकांच्या जिवाला धोकादायक आहे काय? असेल, तर तेथे बेल्जियन लीगचे सामने हंगामभर कसे चालतात? लीगच्या प्रेक्षकाचा जीव युरोपीय स्पर्धेच्या प्रेक्षकापेक्षा स्वस्त आहे काय? आणि धोकादायक नसेल, तर युरोपीय सामन्याला मज्जाव कशासाठी? परदेशी पाठीराख्यांमुळे जोखीम वाढते, असे उत्तर येईल. ती वाढते हे खरे. पण जोखीम सामन्यागणिक बदलते. तिचे उत्तर पोलीस बंदोबस्तात, तिकिटांच्या वाटपात आणि प्रेक्षकसंख्येच्या मर्यादेत आहे.

२०/२५
उभे राहून सामना पाहण्यावरची बंदीही अशीच तपासावी लागते. डॉर्टमुंडच्या दक्षिण प्रेक्षागारात बुंडेसलिगाच्या दिवशी सुमारे २५,००० लोक उभे असतात. युरोपीय सामन्यासाठी तेथे खुर्च्या बसवल्या जात आणि मैदानाची क्षमता सुमारे ८१,००० वरून ६६,००० वर येई. शनिवारी सुरक्षित असलेला कठडा बुधवारी असुरक्षित कसा होतो? खुद्द टेलर यांनी आपल्या अहवालात मान्य केले होते की उभे राहणे मुळातच धोकादायक नाही. अखेर २०२२-२३पासून युएफानेच इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनीत प्रायोगिक तत्त्वावर बंदी सैल केली. आकाश कोसळले नाही.

२१/२५
आणि आता उलट बाजू. २८ मे २०२२, पॅरिसजवळचे सँ-देनी. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, वरिष्ठ श्रेणीचे राष्ट्रीय मैदान, खुर्च्या, दिवे, मान्यवर, सारे जागच्या जागी. बाहेर मात्र लिव्हरपूलचे हजारो पाठीराखे अरुंद वाटांत अडकले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मुलेही त्या धुरात होती. सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. पडद्यावर कारण झळकले: प्रेक्षक उशिरा आले. ते खोटे होते. त्या गर्दीत हिल्सबरोतून वाचलेले लोकही होते; प्रेक्षकांवर खापर फोडण्याची ही तऱ्हा त्यांच्या चांगलीच परिचयाची होती.

२२/२५
युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये अहवाल दिला. या अपयशाची प्राथमिक जबाबदारी युएफाची, असे तिने स्पष्ट म्हटले. जीवितहानी टळली ती जवळजवळ योगायोगाने. याच सँ-देनीत जुलै २०१६ मध्ये १९८५च्या कराराची जागा घेणारा नवा सुरक्षा-करार स्वाक्षरीसाठी खुला झाला होता आणि त्याला गावाचेच नाव मिळाले आहे. ज्या गावाच्या नावाचा सुरक्षा-करार, त्याच गावात ही रात्र! क्लाक्सविकच्या मैदानाला फूटपट्टी लावणारी संस्था स्वतःच्या अंतिम सामन्याची वाट मोजायला विसरली.

२३/२५
परवान्याच्या कागदी बाजूचीही हीच गत आहे. एका मालकाच्या दोन क्लबांनी एका स्पर्धेत खेळू नये, हा नियम रास्त आहे. २०१७ साली लाइपझिश आणि साल्झबुर्ग यांच्या कारभाराच्या रचनेत केलेले बदल पुरेसे मानून दोघांना प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी ते एकमेकांशी खेळले. २०२४ साली मँचेस्टर सिटीसोबत जिरोनाला शेअर विश्वस्तांकडे सोपवून खेळता आले. २०२५ साली मात्र आयर्लंडचा चषक जिंकलेल्या ड्रॉहेडा युनायटेडला बाहेर काढले गेले, कारण त्याच मालकीचे डेन्मार्कचे सिल्केबोर्गही पात्र ठरले आणि रचना बदलण्याची मुदत उलटली होती. ज्याच्याकडे वकिलांची फौज, त्याला नियमातून वाट सापडते. बाकीच्यांना तारीख आडवी येते.

२४/२५
हा प्रश्न युरोपपुरता उरलेला नाही. आशियाई महासंघानेही परवान्याची अशीच चौकट स्वीकारली आणि ती भारतात आली. दोनदा आय-लीग जिंकलेल्या गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला २०१४ साली परवान्याचे निकष पूर्ण न झाल्यामुळे त्याच लीगमधून वगळले गेले. शिस्त हवीच. पण समर्थक म्हणतात, नॉर्वेच्या बोडोने आठ हजारांच्या मैदानावर युरोपा लीगचा उपांत्य सामना खेळवला, मग इतरांना का जमत नाही? बोडोचे यश एवढेच सांगते की नियम पाळणे अशक्य नाही. ते न्याय्य आहेत, हे त्यातून सिद्ध होत नाही. उपाय सरळ आहे: वहीची दोन पुस्तके करावीत. पहिले जिवाचे: वाटा, आग, भिंती, गर्दी, वैद्यकीय मदत. त्यात कोणालाही, कोठेही सूट नको. दुसरे दिखाव्याचे: दिवे, मंच, स्टुडिओ, मानाच्या खुर्च्या. त्याचा खर्च ज्याला दिखावा विकायचा आहे त्याने करावा. युएफाच्या क्लब-स्पर्धांचे वार्षिक उत्पन्न सुमारे ४४० कोटी युरोच्या घरात आहे. फिरते दिवे आणि तात्पुरते मंच त्याला जड नाहीत.

२५/२५
शेवटी पुन्हा हेझेल. ते मैदान पाडून नव्याने उभारले गेले. आज त्याला राजा बोदुआँ यांचे नाव आहे. तेथील स्मारकात ३९ मृतांसाठी ३९ दिवे आहेत. २०२४-२५च्या युरोपा लीगमध्ये युनियन सँ-जिल्वाझचे घरचे सामने झाले ते याच मैदानावर. आपले शंभर वर्षांचे छोटे मैदान सोडून, धावपट्टीपलीकडच्या ५० हजार खुर्च्यांपुढे. हेझेलच्या मृतांचे ऋण फेडायचे असेल, तर प्रत्येक क्लबाच्या प्रत्येक फाटकाची किल्ली कोणाच्या खिशात आहे, हे दर सामन्याला विचारले जावे. त्या ऋणाच्या नावाने एखाद्या गावाला स्वतःच्या अंगणातून उठवणे ही परतफेड नव्हे. ते ३९ दिवे कॅमेऱ्यांसाठी लावलेले नाहीत.

(धागा समाप्त)